डाव्या हाताचा आशीर्वाद

नवऱ्याचं नाव घेऊ नये, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात. मी घेते. नवल. घेतलं. त्यांना स्वतःला आता स्वतःचं नाव घेता येत नाही, मग घरात कुणीतरी घ्यायला हवं की नको?

साक्रीकडच्या बाजारात कांद्याच्या लिलावाला बोली पुकारायचं काम त्यांचं. ट्रॉलीवर पाय रोवून उभे राहायचे, खांद्यावर उपरणं, आणि एकदा आवाज लावला की रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू जायचा. व्यापारी चेष्टेनं म्हणायचे, नवलभाऊ पुकारायला लागले की सडका कांदासुद्धा ताठ बसतो. घरात मात्र हा माणूस गप्प. मी चिडायचे. "बाजारात गळा फाडता आणि घरात आलं की मुके होता का हो?" असं म्हणायचे मी. या तोंडानं म्हणायचे.

उन्हाळ्याच्या शेवटी एके दिवशी बोली चालू असताना त्यांचा आवाज मधेच थांबला. जीभ जड झाली, उजव्या हातातलं उपरणं खाली पडलं, ओठाचा एक कोपरा लोंबला. लोकांनी सावलीत बसवलं, पाणी मारलं. चहा येईपर्यंत सगळं जागच्या जागी. उठून पुन्हा ट्रॉलीवर चढायला निघाले होते, पुनानं धरून ठेवलं. पुना म्हणजे आमच्या गावचा जीपवाला. त्यानंच धुळ्याला नेलं.

धुळ्याचा डॉक्टर तरुण होता, पण बोलायला स्पष्ट. म्हणाला, "काकू, यांच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात. आत रक्ताची गुठळी होते आणि मेंदूत जाऊन अडकते. या वेळी बारीक होती, आपोआप विरघळली. हा इशारा समजा. पुढची अशी हळूच निघून जाणार नाही."

"पुढची येणारच का?" मी विचारलं.

"रक्त पातळ करणारी ही गोळी रोज घेतली तर बहुतेक येणार नाही. एक दिवस चुकवायची नाही. लग्न असो, मयत असो, उपास असो." मग त्यानं मला शिकवलं. शंका आली की तीन गोष्टी करायला लावायच्या. हसायला सांगायचं, दोन्ही हात वर करायला सांगायचं आणि काहीतरी बोलायला लावायचं. यातलं एक जरी जमलं नाही तरी थेट गाडीत घालून इकडे आणायचं. "पहिले काही तासच आपल्या हातात असतात. नंतर मी काही करू शकत नाही."

मी ते अगदी गाठीशी बांधलं. ते बाजारातून आले की मी रोज दारातच अडवायचे. हसा. हात वर करा. लावा बोली. ते वैतागायचे, पण हात वर करायचे, आणि मी कांदा-बटाटा जे हातात असेल ते पुढे धरलं की हळू आवाजात बोली लावायचे. मला हसू यायचं आणि मनातून भीतीही वाटायची. हा आवाज गेला तर या माणसाचं काय उरणार, हेच सारखं डोक्यात.

आखाडात जळगावहून भूपेंद्र आला. आमच्या वारलेल्या थोरल्या दिरांचा मुलगा. कपड्याच्या दुकानातली नोकरी सोडून कसल्याशा कंपनीची औषधं विकतो, आणि नातेवाइकांनाच विकतो. चकचकीत बाटली काढून ठेवली. आत पिवळ्या पारदर्शक गोळ्या, मधाच्या थेंबासारख्या.

"काका, हे माशाचं तेल. अटॅक आला तरी मेंदू शाबूत राहतो."

"अटॅक येऊ नये याचं बघ रे बाबा," मी म्हटलं.

"काकू, संशोधन झालंय." त्यानं मोबाईलवर व्हिडिओ लावला. उंदरांच्या मेंदूची नस बंद केली म्हणे. ज्यांना आधीपासून हे तेल खायला दिलं होतं त्यांचा मेंदू कमी खराब झाला.

"तुझे काका उंदीर आहेत का?"

हे हसले. पण बाटली त्यांनी ठेवून घेतली. भावाची आठवण म्हणून भूपेंद्रवर त्यांचा जीव. मी धुळ्याला फोन लावून विचारलं. डॉक्टर म्हणाला, मासे खाणं चांगलंच, पण उंदरावर झालं ते माणसावर होतंच असं नाही. त्यांना घ्यायचंच असेल तर घेऊ द्या, फक्त माझी गोळी त्याच्या भरवशावर सोडू नका. मी भूपेंद्रला तेच ठणकावून सांगितलं. तर त्यानं कंपनीचा फुकट मिळालेला खणाखणांचा प्लास्टिकचा डबा काढला आणि रोजच्या खणात डॉक्टरची गोळी आणि तेलाची गोळी शेजारी शेजारी भरून दिली. "बघा, आता चुकणारच नाही." मलाही पटलं. त्या वेळी खरंच पटलं.

मग श्रावण लागला.

आमच्या घरात कानबाई बसते, आमच्या खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन. त्याआधीचा आठवडा बाईमाणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. घर पांढरं करायचं, भांडी उजळायची, देवीच्या नैवेद्याला रोट लागतात, त्यांचे गहू निवडायचे, दळायचे. भाऊबंद जिथे असतील तिथून येतात. आणि सोवळं तर असं, की माझी सासू भिकुबाई त्या आठवड्यात सावलीलाही विचारून आत घेते.

त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता. पत्र्याखाली नुसती वाफ. त्या उकाड्यात, आठवड्यासाठी नुकत्याच भरलेल्या डब्यातल्या दोन-तीन तेलाच्या गोळ्या मऊ पडून फुटल्या. मी ओसरीवर गहू निवडत होते, आतून सासूचा आवाज आला. "घरमा बोंबील कोन लयनं?"

कुणी आणले नव्हते. वास फडताळातून येत होता. हे उठून आत गेले. "मी बघतो आई," एवढंच मला ऐकू आलं. रात्री मी विचारलं, डबा कुठंय? म्हणाले, पिशवीत ठेवलाय. गोळी घेतली? घेतली. दुसऱ्या दिवशी विचारलं. घेतली. रोज विचारत होते मी, आणि रोज ते मान हलवत होते. एवढा सरळ माणूस, खोटं बोलेल असं माझ्या मनातही आलं नाही.

त्याच दिवसांत गोठ्यात एक मांजर यायला लागलं. कुणाचं कोण जाणे, करड्या रंगाचं, एका कानाचा तुकडा पडलेलं. गाईच्या डोक्यावर जे लाकडी आडं आहे त्याच्याखाली बसायचं आणि वर बघत राहायचं. ओरडायचं नाही, काही नाही. मी हाकललं, परत आलं. शेण काढायला गेले की तिथंच. मला वाटलं, वर उंदीर असेल, नाहीतर साप. सापाच्या भीतीनं मी वर हात घातला नाही. रविवारी संध्याकाळी, घरात समया लागल्या, बायकांची गाणी सुरू झाली, तरी ते मांजर तिथंच. मला कसंसंच झालं. पण पाहुण्यांची पंगत बसायची होती, मी घरात गेले.

सोमवारी उजाडलं. डफ वाजायला लागले. कानबाईला डोक्यावर घेऊन बायका निघाल्या, पुढे पुरुष, आणि सगळ्यांच्या पुढे हे. जयजयकार दरवर्षी त्यांचाच. "कानबाई माता की..." असं ते उचलायचे आणि बठ्ठं गाव "जय!" म्हणायचं. मी मागे राहिले होते. गाईला चारा टाकून मग पळत जाऊन मिरवणूक गाठू असा विचार केला.

गोठ्यात शिरले आणि बघते तर मांजर आड्यावर चढलेलं. पंजानं काहीतरी ढकलत होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते खाली शेणात पडलं. भूपेंद्रचा डबा.

उचलला. झाकण तेलानं बुळबुळीत. आत सगळे खण भरलेले. हो, सगळे. डॉक्टरची पांढरी गोळी प्रत्येक खणात, माशाच्या तेलात न्हालेली. पूर्ण आठवडाभर माझ्या माणसानं एकही गोळी तोंडात घातलेली नव्हती. कानबाईचं नाव ज्या तोंडानं घ्यायचं त्या तोंडाला माशाचा विटाळ नको म्हणून!

अशी पळाले मी की चपला गोठ्यातच राहिल्या. नदीकडून आवाज येत होता. "कानबाई माता की..." त्यांचाच आवाज, खणखणीत. जीवात जीव आला. म्हटलं, आधी गोळी घालते तोंडात, मग काय शिव्या द्यायच्या त्या देते. पुन्हा आवाज आला. "कानबाई..." आणि पुढचं आलंच नाही. डफ वाजत राहिले. मग एकदम बायकांचा गलका उठला.

पोचले तेव्हा लोकांनी गोल केला होता. मधे हे उभे, झुलत. तोंड वाकडं झालेलं, ओठातून लाळ, डोळे कुठंतरी लांब लागलेले. घशातून नुसता आवाज येत होता, शब्द नव्हता. आणि माझी सासू त्यांच्या पायाशी. स्वतःच्या पोटच्या पोराच्या पायाशी डोकं टेकवून ती ओरडत होती, "माय उनी! मना आंडोरना आंगमा माय उनी!"

आमच्याकडे अंगात येतं. दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या येतं. माणूस झुलतो, घुमतो, बोबडं बोलतो. लोक हळद-कुंकू लावतात, प्रश्न विचारतात. त्यामुळे कुणाला काहीच वावगं वाटलं नाही. उलट लोक खूष. इतक्या वर्षांत आमच्या घरात पहिल्यांदाच आली होती ना!

"अंगातबिंगात काही नाही!" मी किंचाळले. "झटका आलाय! सोडा मला!"

दोन्हीकडून बायकांनी मला धरलं. कुंदाबाई, माझी चुलत जाऊ, कानात म्हणाली, "लिला, गप. आई आंगमा असताना मधे गेलं तर कोपते. घराचं वाटोळं होईल."

"वाटोळंच होतंय ना!" मी तिच्या हाताला चावले. खरंच चावले, लाज नाही वाटत मला सांगायला. सुटले आणि त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "अहो, इकडे बघा. हसा. हसा ना." त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं त्यांनी मला, शपथेवर सांगते, ओळखलं. अर्धं तोंड हललं, अर्धं तसंच. "हात वर करा. दोन्ही."

त्यांनी हात वर केला. एकच. डावा. उजवा नुसता लोंबत राहिला.

आणि लोकांनी जयजयकार केला. आशीर्वाद दिला म्हणे आईनं! पटापट माणसं वाकली. त्या वर गेलेल्या हाताखाली डोकं जावं म्हणून रेटारेटी सुरू झाली. अरे, देवी कधी डाव्या हातानं आशीर्वाद देते का? एवढंही एकाच्या डोक्यात आलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, मी शिकवलेलं करून दाखवत होते, आणि त्यांच्या कपाळावर गाव मुठी भरभरून हळद फासत होतं.

भूपेंद्र दिसला. मोबाईलवर शूटिंग करत होता. मी त्याचा सदरा धरला. "तू तरी सांग यांना! तुला माहीत आहे ना हे काय आहे!"

त्याचा चेहरा उतरला, म्हणजे त्याला कळलं होतं. पण इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "काकू, घाबरू नका. तेल चालू आहे ना त्यांचं? मेंदूला धक्का लागत नाही. विसर्जन होऊन जाऊ द्या, मग नेऊ. आता मधे पडलो तर लोक मारतील."

मी तो डबा त्याच्या डोळ्यांपुढे धरला. भरलेले खण दाखवले. मग एक थोबाडीत ठेवून दिली.

पुना तेवढा धावला. जीप आणली. पण नदीवर जायला रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर कानबाई. तिला आडवं जायचं नाही, तिच्यापुढून चाक न्यायचं नाही. सगळ्या घरांच्या कानबाया पाण्यात जाईपर्यंत जीप तिथंच घुरघुरत उभी. यांना चौरंगावर बसवलं होतं. बाया येऊन विचारत होत्या. पाऊस कधी येईल? पोरीचं जमेल का? हे घशातून आवाज काढायचे, आणि त्या तृप्त होऊन जायच्या. मी शेजारी उभी राहून रडत होते, शिव्या देत होते, हात जोडत होते. ऊन चढत गेलं. त्यांचा आवाज बारीक होत गेला, आणि मान एका बाजूला पडली तेव्हा कुठं कुणीतरी म्हणालं, आई दमली, आता न्या घरी.

धुळ्यात त्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "कधी सुरू झालं?" मी सांगितलं. त्यानं घड्याळाकडे बघितलं. मेंदूचे फोटो काढले, बघितले, मग मला बाजूला घेतलं. जीव वाचेल म्हणाला. उजवी बाजू आणि बोलणं सांगता येत नाही. "त्यांना सगळं समजतंय काकू. फक्त शब्द बाहेर येत नाहीत."

"गुठळी काढायचं औषध?"

"ती वेळ निघून गेली."

बाहेर बाकड्यावर सासू बसली होती, पदरात कानबाईचा अंगारा घेऊन. मला म्हणाली, "लिला, मी फक्त इतलंच म्हनलं व्हतं, तो डबा घरमा नको, गोठामा ठेव. तेवढामुये तर माय कोपनी नही ना?" तिला वाटत होतं, ते तिथं जाऊन गोळी घेत असतील. न घेण्याचा विचार त्यांचा त्यांनीच केला होता. तेव्हा तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, देव जाणे.

आता ते ओसरीवरच्या खाटेवर असतात. पुन्हा कांद्याचा हंगाम आला. बाजारात बोली दुसरा कुणी पुकारतो. मी कधी कधी त्यांच्यापुढे कांदा धरते. "लावा बोली." ते तोंड उघडतात, गळ्याच्या शिरा ताणतात, डोळ्यांत पाणी येतं. मग मीच कांदा परत टोपलीत टाकते.

भूपेंद्र येऊन गेला. मोबाईलवर काकांचा एक फोटो काढला आणि म्हणतो कसा, आधी खाल्लेलं तेल नसतं तर काका गेलेच असते. मी डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, असेलही, नसेलही, कुणी सांगू शकत नाही, पण गोळी चालू असती तर ही वेळ बहुधा आलीच नसती. त्यातलं पहिलं 'असेलही' तेवढं भूपेंद्र आता गावोगाव सांगत फिरतो. आमच्या गावातच चार घरांत बाटल्या गेल्यात. एका घरात म्हाताऱ्यानं रक्तदाबाची गोळी बंद केली म्हणे.

आणि दर सोमवारी बाया येतात. नारळ ठेवतात. आई उतरलीच नाही म्हणतात, आमच्या ओसरीवरच राहिली. हे डोळे मिटून पडून राहतात.

परवाच्या सोमवारी माझा तोल गेला. बाया गेल्यावर मी पेटीतून तो डबा काढला. मी तो टाकला नव्हता, धुतलाही नव्हता. अजून वास येतो. म्हटलं, बस झालं. म्हातारीच्या पुढ्यात ठेवते, एकेक खण उघडून दाखवते, की बघ, ही तुझी माय आणि हा तुझा विटाळ.

ओसरीवर आले तर सासू खाटेपाशी जमिनीवर बसलेली. ताटात कुंकू. पोराचे पाय धरून ती बोलत होती, पण पोराशी नाही.

"माय, तू आते जाय. मना आंडोर माले परत दे. पुढला साल दुप्पट रोट करसू. मनं काय चुकनं, तेवढं सांग माय. कोनी सांगत नही माले."

डबा माझ्या हातात होता. मी वाकले. झाकणावर अंगठा ठेवला.

तेवढ्यात त्यांचा हात उठला. डावा. हळूहळू आला, माझ्या मनगटावर पडला आणि डब्यावर येऊन थांबला. झाकण त्यांनी गच्च दाबून धरलं. माझ्याकडे बघत त्यांनी मान हलवली. नाही. स्पष्ट, बाजारातल्या त्यांच्या बोलीइतकं स्पष्ट.

सासूनं वर बघितलं, तिला फक्त हललेला हात दिसला. तिनं घाईघाईनं डोकं पुढे केलं. त्यांनी डबा सोडला आणि तोच हात आईच्या पांढऱ्या केसांवर ठेवला.

मी डबा पदराखाली घेतला आणि चुलीपुढे जाऊन बसले.